दशांश कुणाचा, हुकूम कुणाचा?

नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांची एकत्रित लोकसंख्या २०११च्या जनगणनेनुसार ५८ लाखांहून अधिक आहे. त्यात ख्रिस्ती समाजाचे प्रमाण शेकड्याला एकही भरत नाही. तरीसुद्धा चर्चच्या पैशाचा विषय निघाला की गंजगोलाईतल्या चहाच्या दुकानापासून वकिलांच्या बैठकीपर्यंत प्रत्येकापाशी तयार मत असते. एक मत असे की, चर्चमध्ये येणारा प्रत्येक रुपया डॉलरच्या पोटी जन्मलेला आहे आणि प्रत्येक ख्रिस्ती माणूस विकत घेतलेला आहे. दुसरे मत स्वतःला पुरोगामी म्हणवणाऱ्यांचे. त्यांच्या लेखी पैशाला देश नसतो, सेवेला सीमा नसते आणि या पैशाविषयी प्रश्न विचारणाराच तेवढा संकुचित असतो.

ही दोन्ही मते आळशी आहेत. पहिले मत आपल्याच शेजाऱ्याचा अपमान करते, दुसरे त्याला कायमचा परावलंबी ठेवू इच्छिते. खरा प्रश्न याहून साधा आहे. रविवारी ज्या वास्तूत उपासना होते, तिच्या दिवाबत्तीचा, पाळकाच्या पगाराचा आणि गळक्या छपराच्या डागडुजीचा खर्च कुणी उचलायचा? आणि जो उचलेल, त्याचा शब्द त्या वास्तूत किती चालायचा? गंमत अशी की, या प्रश्नाचे उत्तर चर्चच्या स्वतःच्याच शिकवणीत स्पष्टपणे दिलेले आहे. ते बाजूला सारले गेले, त्याला दीडशे वर्षे होऊन गेली.

शिकवण काय सांगते?

ख्रिस्ती शिकवणीत या विषयाला एक नेमका शब्द आहे, कारभारीपण. धन, वेळ, शेत, बुद्धी यांपैकी काहीच माणसाच्या मालकीचे नाही. मालक परमेश्वर आहे आणि माणूस त्याने नेमलेला कारभारी आहे, असा त्याचा अर्थ. कारभाऱ्याने मालकाला हिशोब द्यायचा असतो. या कल्पनेतून दशांशाची रीत येते. उत्पन्नाचा दहावा भाग आधी बाजूला काढायचा आणि उरलेल्यात संसार करायचा. जुन्या करारातील मलाखी या संदेष्ट्याने दशांश चुकवणाऱ्यांवर देवालाच लुबाडल्याचा आरोप केला आहे. नव्या करारात भांडारात दोन टोल्या टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट येते. श्रीमंतांच्या मोठ्या देणग्यांपेक्षा तिचे दान येशूने थोर ठरवले, कारण इतरांनी आपल्या भरपूर असलेल्यातून दिले आणि तिने होते नव्हते ते सारे देऊन टाकले.

ही शिकवण हिंदू मनाला मुळीच परकी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे सात्त्विक, राजस आणि तामस असे तीन प्रकार सांगितले आहेत. तैत्तिरीय उपनिषदाच्या शिक्षावल्लीत देण्याची रीत आली आहे. ‘इदं न मम’ म्हणत आहुती देणाऱ्याला कारभारीपणाचा अर्थ निराळा शिकवावा लागत नाही.

खेड्यापाड्यांतील चर्चमध्ये ही रीत आजही साध्या रूपात पाहावयास मिळते. महिन्याकाठी पाकिटे भरून दिली जातात. सुगीच्या उपासनेला कुणी पायलीभर ज्वारी आणतो, कुणी भोपळा, कुणी कोंबडी. उपासना आटोपल्यावर त्या वस्तूंचा तिथेच लिलाव होतो आणि येणारी रक्कम मंडळीच्या खात्यावर जमा होते. घेणाराही तिथलाच असतो आणि देणाराही. या लिलावात दहा रुपयांचा भोपळा शंभर रुपयांना घेणाऱ्या मजुराला विकाऊ म्हणण्याचा अधिकार कुणालाही नाही. त्याच्या उपासनापद्धतीशी मतभेद असू शकतात, त्याच्या पूर्वजांनी घर का सोडले याचे दुःखही असू शकते. त्या दुःखात आपल्या पूर्वजांनी पाळलेल्या शिवाशिवीचा वाटा किती, हेही मग तितक्याच स्पष्टपणे बोलावे लागेल. परंतु दात्याची प्रतिष्ठा त्याला नाकारता येणार नाही.

वाद आहे तो पाकिटाशी नाही. पाकिटाऐवजी समुद्रापलीकडून येणाऱ्या हुंडीशी आहे.

बेथेलपासून डोर्नकलपर्यंत

मराठवाड्यात ख्रिस्ती वस्तीचा पहिला मोठा प्रयोग जालन्याजवळ झाला. नारायण शेषाद्री हे मूळचे ब्राह्मण. १८४३ साली मुंबईत स्कॉटिश फ्री चर्चच्या मिशनऱ्यांकडून त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे निजामाच्या राज्यात येऊन जालन्यानजीक ‘बेथेल’ नावाचे ख्रिस्ती गावच वसवले. त्यासाठी जमीन मिळाली निजामाचा दिवाण सालारजंग याच्याकडून आणि पैसा उभा राहिला परदेशातून. शेषाद्री स्वतः स्कॉटलंड आणि अमेरिकेत फिरले. १८७३ साली न्यूयॉर्कच्या ख्रिस्ती परिषदेत पागोटे घातलेला हा मराठी माणूस मोठ्या कुतूहलाचा विषय झाला होता. त्यांची कळकळ आणि कर्तबगारी वादातीत होती. पण पाया कशाचा होता, ते पाहावे. जमीन परक्या सत्तेची आणि पैसा परक्या समाजाचा. अशा पायावर उभ्या राहिलेल्या वस्तीचा आपल्या भोवतालच्या समाजाशी सांधा जुळणार कसा?

ही टीका केवळ हिंदूंची आहे, असे कुणी समजू नये. मिशनच्या कारभाऱ्यांनाच ती आधी उमगली होती. इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन आणि अमेरिकन मिशनचे रूफस अँडरसन या दोघांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात एक सूत्र मांडले. देशी चर्चने स्वतःचा खर्च स्वतः उचलावा, स्वतःचा कारभार स्वतः पाहावा आणि स्वतःचा विस्तार स्वतः करावा, असे ते सूत्र. अँडरसन १८५४-५५ साली हिंदुस्थानात येऊन गेले. अहमदनगर परिसरात काम करणाऱ्या मराठी मिशनची पाहणी त्यांनी केली आणि खेडोपाडी देशी पाळकांच्या हाती छोट्या मंडळ्या सोपवाव्यात, असा आग्रह धरला. आग्रह कागदावर राहिला. पगार बोस्टनहून येत राहिले आणि ज्याचा पगार, त्याची ‘मायबाप’गिरीही चालत राहिली.

या मायबापगिरीचा सर्वांत तीव्र सल ज्यांनी अनुभवला, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि अमेरिकन मराठी मिशनमध्ये दोन तपांच्या आसपास काम केले. अभंग-कीर्तनाच्या वाटेने त्यांनी ख्रिस्ती उपासनेला मराठी कंठ दिला. १९१७ साली त्यांनी मिशनचे काम सोडले आणि ‘देवाचा दरबार’ काढला. त्या दरबारात बाप्तिस्मा घेतलेल्यांनाच प्रवेश, अशी अट नव्हती. त्यामागे भूमिका हीच होती की, ख्रिस्ताचा अनुयायी व्हायला पाश्चात्त्यांचा आश्रित व्हावे लागत नाही. १९१९च्या मे महिन्यात ते वारले आणि दरबार फार काळ टिकला नाही. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आपल्या घराघरांत वाचली जातात. त्यातल्या विनोदाला दाद देताना टिळकांनी शेवटी कुणाचा हात सोडला, इकडे मात्र आपले लक्ष जात नाही.

दुसरे उदाहरण नांदेडकरांना अधिक जवळचे वाटावे, कारण ते त्याच निजामी राज्यातले आहे. तिरुनेलवेलीच्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी १९०३ साली स्वतःची वर्गणी जमवून एक मिशनरी संस्था काढली आणि तेलंगणातील डोर्नकल येथे माणसे पाठवली. या कामातले अग्रणी व्ही. एस. अझरिया. १९१२ साली ते अँग्लिकन पंथाचे पहिले भारतीय बिशप झाले. त्याआधी १९०५च्या नाताळात सेरामपूर येथे स्थापन झालेल्या राष्ट्रीय मिशनरी संस्थेतही ते होते. माणसे भारतीय, पैसा भारतीय, नेतृत्व भारतीय, अशी त्या संस्थेची भूमिका होती. ख्रिस्ती माणसाने आपल्या चर्चला का आणि कसे द्यावे, यावर अझरियांनी स्वतंत्र पुस्तक लिहिले. डोर्नकलचे कॅथेड्रलही त्यांनी गॉथिक नक्कल न करता मंदिराचे स्तंभ आणि मशिदीचे घुमट यांच्या वळणावर बांधून घेतले. धर्मांतराच्या प्रश्नावर गांधीजींचे आणि अझरियांचे कधीच जमले नाही आणि त्या वादात या लेखणीची सहानुभूती अर्थातच गांधीजींकडे आहे. पण पैशाच्या बाबतीत अझरिया जे सांगत होते, त्यात खोट काढता येत नाही.

मिझोरममध्ये तर ही गोष्ट प्रत्यक्ष सिद्ध झाली. तिथल्या प्रेस्बिटेरियन चर्चमध्ये १९१०पासून गृहिणी दर वेळी भात रांधताना मूठभर तांदूळ बाजूला काढतात. त्या मुठीमुठीतून चर्चला आज कोट्यवधी रुपये मिळतात. महाराष्ट्राला ही कल्पना नवी वाटायला नको. अंताजी दामोदर काळे यांच्या पैसाफंडातून तळेगावचा काचकारखाना उभा राहिला आणि कर्मवीर भाऊरावांच्या वसतिगृहांना मुष्टिफंडाने आधार दिला, तोही अशाच मुठीमुठीने. कोरियातही १८९०च्या सुमारास जॉन नेव्हियस या अमेरिकी मिशनऱ्याच्या सल्ल्याने देशी चर्चना परदेशी पगार न देण्याचे धोरण ठरले आणि त्या चर्च आपल्या पायावर उभ्या राहिल्या. १९७१ साली केनियाच्या जॉन गाटू या चर्चनेत्याने तर उघड मागणी केली की, पाश्चात्त्यांनी आपली माणसे आणि आपला पैसा काही काळ पूर्ण थांबवावा, म्हणजे आफ्रिकेतील चर्चला स्वतःचा चेहरा सापडेल. चीनने हेच सूत्र सत्तेच्या दंडुक्याने लादले. तो मार्ग आपला नव्हे आणि असूही नये.

दिल्लीतील एक बँकशाखा

जगभरच्या ख्रिस्ती विचारवंतांना जे कळले, ते आपल्याकडच्या संस्थांना का मानवले नाही? उत्तर कटू आहे. परदेशी पैसा सोपा असतो. वर्गणी मागायला दारोदार जावे लागते, चार प्रश्नांना तोंड द्यावे लागते, खजिनदाराला भर सभेत हिशोब वाचून दाखवावा लागतो. परदेशी दात्याला एक अहवाल आणि चार छायाचित्रे पुरतात.

त्या अहवालात काय असते, यावर सारे अवलंबून आहे. सात समुद्रांपलीकडच्या दात्याला उदगीरचे ऊन माहीत नसते. त्याला आकडे हवे असतात. किती मुले शिकली, किती घरांपर्यंत पोहोचलो, किती माणसे आली. जिथे पगार आकड्यावर ठरतो, तिथे माणसाचा आकडा व्हायला वेळ लागत नाही. मध्य प्रदेश सरकारने १९५४ साली निवृत्त न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने १९५६च्या अहवालात याच दुखण्यावर बोट ठेवले होते. नांदेडला लागून असलेला यवतमाळ जिल्हा त्या वेळी मध्य प्रदेशात होता, हे इथे लक्षात ठेवावे. जानेवारी १९५० ते जून १९५४ या साडेचार वर्षांत देशातील मिशनसंस्थांना परदेशांतून २९ कोटी रुपयांहून अधिक रक्कम आल्याची नोंद त्या अहवालात आहे. ते कोटी त्या काळचे आहेत. अहवालावर ‘जातीय’ असा शिक्का मारून तो बासनात बांधणाऱ्यांनी त्यातला हा आर्थिक भाग निदान वाचायला हवा होता.

परकीय देणग्यांचे नियमन करणारा पहिला कायदा १९७६ साली, म्हणजे आणीबाणीत, इंदिरा गांधींच्या सरकारने केला. दुसरा २०१० साली मनमोहन सिंग यांच्या काळात झाला. २०२०च्या दुरुस्तीने परदेशी देणगी आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतच जमा करणे बंधनकारक झाले. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने मिळालेली देणगी दुसरीकडे वळती करणे बंद झाले. हे सारे एकाच पक्षाचे कारस्थान असल्याचे सांगणाऱ्यांनी या सालांची उजळणी करावी.

मात्र कायद्याने अर्धेच काम होते. अमेरिकेतील ‘कम्पॅशन इंटरनॅशनल’ ही संस्था स्थानिक चर्चच्या माध्यमातून मुलांना दत्तक-साहाय्य देत असे. २०१६ साली तिच्या देणग्यांना पूर्वपरवानगीची अट लागली आणि मार्च २०१७मध्ये तिने भारतातील काम आवरले. त्या वेळी सुमारे १ लाख ४५ हजार मुले तिच्या मदतीवर होती. निर्णय योग्य होता. मुलाच्या जेवणाला आणि पाटी-दप्तराला परक्या श्रद्धेचा धागा बांधलेला असणे मान्य होण्याजोगे नाही. पण ताट काढून घेतल्यावर दुसरे ताट कुणी वाढले? निर्णयाच्या बातमीवर समाधान व्यक्त करणाऱ्या घरांपैकी किती घरांनी त्या महिन्यात एका मुलाची फी भरली? चर्चच्या अंगणातले ते मूल चर्चचे होण्याआधी आपल्या गल्लीतले होते.

इथे विरोधक एक प्रश्न हमखास विचारतात. परदेशस्थ हिंदूही आपल्या संस्थांना पैसे पाठवतात, त्याचे काय? प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देण्याचे कारण नाही. कसोटी दोघांना एकच लावावी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारी परिसर जमीनदोस्त झाला आणि हजारो माणसे गाडली गेली, तेव्हा जगभरातून मदत आली. पुनर्वसनासाठी जागतिक बँकेचे कर्ज आले. त्या वेळी कुणी ‘हा पैसा कुठला’ असे विचारले नाही आणि विचारायचेही नव्हते. आपत्तीतला हात कुणाचाही चालतो. पण रोजच्या चुलीला परक्याचे सरपण लागत असेल, तर ते घर कुणाचे, हा प्रश्न उरतो. तो चर्चला जसा विचारायचा, तसा मठालाही आणि सेवासंस्थेलाही.

नव्या हाका

जुन्या मिशनांचा पैसा आटू लागल्यावर अलीकडे दुसरेच रूप दिसू लागले आहे. दूरचित्रवाणीवरील प्रवचनकार आणि भाड्याच्या सभागृहांतील स्वयंघोषित पाळक दशांशाची हाक देतात. पण विधवेच्या दोन टोल्यांची गोष्ट ते उलटी करून सांगतात. ‘देवाला दहा द्या, तो शंभर परत देईल’ असा सौदा मांडला जातो. आजार जाईल, कर्ज फिटेल, मुलाला नोकरी लागेल. हिशोब कुणाला दाखवायचा नाही, कारण मंडळी नाही, पंच नाहीत, खजिनदारही नाही. सारे काही पाळक आणि त्याचे बँकखाते.

हे ज्या मुलखात घडते, तो मुलूख कोणता? एप्रिल २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून ज्या शहराला पिण्याचे पाणी आणावे लागले, ते लातूर. ज्या गावांतून उसाच्या तोडीसाठी उचल घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे दिवाळीनंतर बाहेर पडतात, तो हा प्रदेश. नोकरदाराच्या उत्पन्नातला दहावा भाग म्हणजे एखादी सहल रद्द होते. सोयाबीन वाळून गेलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याचा दहावा भाग म्हणजे बियाण्याचे पैसे. मुकादमाची उचल डोक्यावर असलेल्या मजुराकडून परतफेडीच्या आमिषाने दशांश घेणे हे कारभारीपण नव्हे, ही सावकारी झाली. जुन्या, प्रतिष्ठित चर्चमधील जाणत्या मंडळींनाही या प्रकाराची चीड आहे. त्यांनी ती अधिक मोठ्या आवाजात व्यक्त करावी.

असे बुवा आपल्याकडे कमी आहेत, असे समजण्याचे कारण नाही. उलट बाजारपेठ आपलीच मोठी आहे.

गोदेकाठचा दसवंध

स्वावलंबी धर्मसंस्था कशी असते, हे पाहायला नांदेडकरांना मिझोरमला जावे लागत नाही. १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी जिथे देह ठेवला, त्या सचखंड श्री हजूर साहिबच्या लंगरमध्ये कुणीही जाऊन बसावे. शीख परंपरेत दशांशाला दसवंध म्हणतात. तो गोळा करण्यासाठी पूर्वी मसंद नावाचे प्रतिनिधी असत. पुढे हे मसंद माजले. गुरूंच्या नावाने गोळा केलेला पैसा ते स्वतःच वापरू लागले, गरिबांना नाडू लागले. खालसा पंथाच्या स्थापनेच्या सुमारास गुरू गोविंदसिंगजींनी ही मध्यस्थांची व्यवस्थाच मोडून काढली. भक्ताने आपले अर्पण थेट आणावे, असा दंडक घातला. कोणत्याही धर्माच्या दानव्यवस्थेला पहिली कीड मध्यस्थाची लागते, हे त्यांनी सव्वातीनशे वर्षांपूर्वी ओळखले होते.

हजूर साहिबची भव्य वास्तू महाराजा रणजितसिंग यांच्या आश्रयाने १८३०च्या दशकात उभी राहिली. म्हणजे लाहोरचा पैसा निजामाच्या मुलखात आला. आजही पंजाबातून आणि विलायतेतून अर्पण येते. मग हा बाहेरचा पैसा कसा चालतो? कारण तो देणारा स्वतः तिथे माथा टेकतो. तो अहवाल मागत नाही, आलेल्या माणसांची मोजदाद मागत नाही, आणि लंगरच्या पंगतीत बसणाऱ्याला त्याचा धर्म कुणी विचारत नाही.

अशा दानातून हक्काची जाणीवही जागी राहते. गुरुद्वाऱ्याचा कारभार १९५६च्या कायद्याने चालतो. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्य सरकारने त्याजागी नवा कायदा आणण्याची हालचाल केली, तेव्हा आपले प्रतिनिधित्व कमी होणार, या शंकेने शीख समाज नांदेडच्या रस्त्यावर उतरला आणि सरकारला विधेयक थांबवावे लागले. या वादात कोण किती बरोबर, हा भाग वेगळा. समाज जागा होता, एवढे मात्र खरे.

आता तुळजापूरकडे पाहू. आई तुळजाभवानी ही साऱ्या महाराष्ट्राची कुलस्वामिनी. तिच्या संस्थानाचे अध्यक्ष असतात जिल्हाधिकारी. लक्षावधी भाविक दानपेटीत नोटा आणि दागिने टाकतात आणि परतीची बस पकडतात. त्या दागिन्यांच्या गैरव्यवहाराच्या बातम्या वर्षानुवर्षे येत राहिल्या. किती भाविकांनी हिशोब मागितला? आपण दान करतो आणि विसरतो, त्यालाच निःस्पृहता समजतो. ही निःस्पृहता नसून बेफिकिरी आहे.

आपल्या घरात

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६च्या ऑक्टोबरात नागपूरला धम्मदीक्षा दिली, तेव्हा अनुयायांना उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यासाठी देण्याचे आवाहन केले. समोर बसलेली माणसे फाटक्या कपड्यांतली होती. त्यांच्याकडे मागताना बाबासाहेबांना संकोच वाटला नाही, कारण आपल्या माणसाने परक्याच्या मदतीवर मुक्त होऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. इस्लाममध्ये जकातीचा चाळिसावा हिस्सा ठरलेला आहे. शिखांचा दसवंध, ख्रिस्ती दशांश, बौद्धांचा विसावा भाग. मध्यमवर्गीय हिंदू घरात हा भाग कितवा?

सत्यनारायणाला पाचशे एक, गणपतीच्या वर्गणीला दोनशे एक, तेही घासाघीस करून. लग्नाच्या पंगतीत मात्र मोजदाद नाही. लातूरच्या शिकवणी वर्गांना वर्षाला लाखभर भरणारे घर त्याच गल्लीतल्या अभ्यासिकेला महिन्याला शंभर रुपये देताना ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणते. हीच मंडळी चर्चच्या परदेशी पैशावर सर्वांत तावातावाने बोलतात.

अपवाद आहेत, आणि ते याच मातीत आहेत. हिप्पर्ग्याच्या राष्ट्रीय शाळेत स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी निजामी अमलात, जेमतेम निर्वाहाएवढ्या पैशात मुले घडवत होते. १९६६ साली डॉ. अशोक कुकडे आणि त्यांचे सहकारी पुण्यामुंबईतील व्यवसायाची वाट सोडून लातूरला आले. त्यांनी सुरू केलेल्या विवेकानंद रुग्णालयाचा पसारा आज मोठा आहे आणि डॉ. कुकडे यांना २०१९ साली पद्मभूषणही मिळाले. पण प्रारंभी त्यांच्यापाशी होते ते शिक्षण, उमेद आणि स्वतःच्या मिळकतीवर पाणी सोडण्याची तयारी. एवढेच. भूकंपानंतर पोरक्या झालेल्या मुलांसाठी हरंगुळला जनकल्याण निवासी विद्यालय उभे राहिले. भारतीय जैन संघटनेच्या शांतिलाल मुथ्था यांनी बाराशे मुले शिक्षणासाठी पुण्याला नेली. कन्याकुमारीचे विवेकानंद शिलास्मारक १९७० साली पूर्ण झाले, त्यासाठी एकनाथजी रानडे यांनी देशभरातील लाखो सामान्य माणसांकडून एकेक रुपया गोळा केला होता. मोठा दाता त्यांना मिळाला नसता, असे नाही. पण आपला रुपया तिथे आहे, असे लाखो घरांना वाटले पाहिजे, हा त्यांचा हिशोब होता.

संघात गुरुदक्षिणेची पद्धत १९२८पासून चालत आली आहे. वर्षातून एकदा भगव्या ध्वजासमोर पाकीट ठेवायचे, रक्कम कुणी पुकारायची नाही. तिचे कौतुक आपण सारेच करतो. पण पाकिटातला आकडा वीस वर्षांपूर्वीचाच राहिला आणि पगार दोन वेतन आयोग ओलांडून गेला, असे किती घरांत झाले असेल, याची चौकशी ज्याची त्याने रात्री एकटे बसून करावी. दोन टोल्या टाकणारी ती विधवा इथे आठवायला हरकत नाही. ती कुण्या एका पंथाची मालमत्ता नाही.

आणखी एक काम कार्यकर्त्यांनी हाती घेण्यासारखे आहे. १९५०च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याने चर्च, मंदिर, मठ, शिक्षणसंस्था अशा प्रत्येक नोंदणीकृत न्यासाला आपले लेखापरीक्षित हिशोब धर्मादाय कार्यालयात सादर करावे लागतात. ते पाहण्याची तरतूदही कायद्यात आहे. चर्चचे हिशोब तपासायला उत्साहाने निघालेल्यांनी लातूर किंवा नांदेडच्या त्या कार्यालयात जरूर जावे, अर्ज करावा, रीतसर शुल्क भरावे. फक्त पहिला अर्ज आपण ज्या देवस्थानाचे किंवा संस्थेचे सभासद आहोत, तिच्या नावाने करावा.